वाईचे वळण

विचारवंताचा काटा काढण्याच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. एक जुनी. तिच्यात त्याची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढतात. गोपाळ गणेश आगरकरांना ती पुण्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागली. दुसरी रीत अलीकडची आणि फार सभ्य आहे. तिच्यात विचारवंताला 'प्रकांड पंडित' म्हणतात, त्याच्या नावाने व्याख्याने ठेवतात, तसबिरीला हार घालतात आणि ज्या एका गोष्टीसाठी त्याने आपली सारी विद्या पणाला लावली, ती गोष्ट तेवढी अलगद गाळतात. जुन्या रीतीत निदान एवढा प्रामाणिकपणा होता की, ज्याची तिरडी बांधली त्याचे म्हणणे काय होते, हे तिरडी बांधणारांना ठाऊक होते.

वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या वाट्याला ही दुसरी रीत आली आहे. धर्मकोशाचे संपादक लक्ष्मणशास्त्री सर्वांना हवे आहेत. मराठी विश्वकोशाचे लक्ष्मणशास्त्री हवे आहेत. १९५४ च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारे ग्रंथकार, पद्मभूषण, पद्मविभूषण हे सारे हवे आहे. नको आहे ते फक्त एक पुस्तक. त्याचे नाव 'जडवाद अर्थात अनीश्वरवाद', साल १९४१. ज्या माणसाने न्याय आणि वेदान्त पचवले होते त्याने वयाच्या चाळिसाव्या वर्षी, जग हे चैतन्यातून निघालेले नसून चैतन्यच जगातून, जडातून निघालेले आहे, या बाजूला आपले वजन टाकले. मराठी माणसाच्या विचारात या शतकाच्या पूर्वी घडलेले हे सर्वांत मोठे वळण आहे, असे माझे मत आहे, आणि ते आपण झाकून ठेवले आहे अशी माझी तक्रार आहे.

तक्रार करणारा मी कोण? मॅट्रिक झालेला मास्तर. आटपाडीत मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तत्त्वज्ञान हा प्राध्यापकांचा प्रांत असून तेथे मॅट्रिकवाल्याने पाय ठेवू नये, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर एवढेच की, 'खरे काय आणि भास काय' हा प्रश्न ज्याला पडतो त्याची पदवी पाहण्याची चाल उपनिषदांतही नव्हती. आणि दुष्काळी मुलखात तर हा प्रश्न पुस्तकातून येत नाही. तो रिकाम्या आडातून वर येतो.

मागे आमच्या भागात एक व्याख्यान झाले. वक्ते विद्वान होते. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत. दीड तास ते लक्ष्मणशास्त्र्यांवर बोलले. पाठांतर, व्यासंग, साधेपणा, सारे झाले. 'जडवाद' हा शब्द एकदाही आला नाही. शेवटी मी उभा राहून त्याविषयी विचारले. वक्ते प्रेमळपणे हसले आणि म्हणाले, "मास्तर, तो त्यांचा तरुणपणातला काळ. रॉय यांच्या संगतीचा परिणाम. पुढे ते मूळ पदावर आले." लोकांनी माना डोलावल्या आणि आभार मानून सभा संपली.

या दोन-तीन वाक्यांत तीन पळवाटा आहेत: वय, संगत आणि परतणे. तिन्ही एकेक करून पाहण्यासारख्या आहेत. कारण कोणताही गैरसोयीचा विचार आपण याच तीन वाटांनी घालवतो.

पहिली वयाची. लक्ष्मणशास्त्र्यांचा जन्म २७ जानेवारी १९०१ रोजी खानदेशात पिंपळनेरला झाला. कोवळ्या वयात ते वाईला प्राज्ञपाठशाळेत आले आणि नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्यापाशी शिकले. विनोबा ज्यांच्यापाशी शिकण्यासाठी वाईला येऊन राहिले होते, ते हेच. १९२३ साली लक्ष्मणशास्त्री कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी घेऊन आले. त्यानंतर सतरा-अठरा वर्षे अध्यापन केले, सत्याग्रहात तुरुंगवास भोगला, धर्मकोशासारखे अवाढव्य काम उभे केले, आणि मग 'जडवाद' लिहिला. चाळीस वर्षांच्या, शास्त्रांत मुरलेल्या माणसाचे मत जर 'तरुणपणाचा भर' म्हणून बाजूला ठेवायचे असेल, तर आद्य शंकराचार्यांचे काय करणार? परंपरेप्रमाणे ते बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांचे भाष्य पोक्त आणि यांचा ग्रंथ पोरकट, हे गणित माझ्या चौथीतल्या मुलांनाही सुटणार नाही.

दुसरी पळवाट संगतीची. मानवेंद्रनाथ रॉय १९३६ च्या नोव्हेंबरात तुरुंगातून सुटले आणि पुढे लक्ष्मणशास्त्री त्यांच्या वर्तुळात आले, ही गोष्ट खरी आहे. रॉय यांचा त्यांच्यावर परिणाम झाला हेही खरे. परंतु 'संगतीने बिघडला' ही भाषा आपण गावच्या पोरांसाठी वापरतो. शास्त्रार्थाच्या आखाड्यात वाढलेल्या मल्लाला ती लागू करताना थोडा विचार करावा. पेरणारा कोणीही असो, जमीन आधी नांगरलेली असावी लागते, आणि ही जमीन वाईतच नांगरली गेली होती.

ती कशी, हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. 'तर्कतीर्थ' ही न्यायशास्त्रातली पदवी. न्यायशास्त्र हे मुळातच जगाला खरे मानणारे शास्त्र आहे. समोरचा घट माझ्या मनाचा खेळ नाही, मी डोळे मिटले तरी तो तेथे आहे, हे नैयायिक अट्टहासाने सांगतो. मात्र तोच नैयायिक पुढे अनुमान करतो की, घटाला जसा कुंभार लागतो तसा जगालाही कोणी कर्ता लागतो, आणि तो ईश्वर. उदयनाचार्यांचा 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ ईश्वर सिद्ध करण्यासाठीच लिहिलेला आहे. पण शास्त्राची शिस्त अशी की, ईश्वर सिद्ध करण्यापूर्वी तो नाही असे म्हणणाऱ्याचा पूर्वपक्ष मांडावा लागतो, आणि तोही पडेल असा नव्हे, तर जितका बळकट करता येईल तितका करून. निरीश्वरवादी कसा बोलतो, हे शिकण्यासाठी नैयायिकाला मॉस्कोला जावे लागत नाही. ते त्याच्या पाठ्यपुस्तकातच असते.

शिवाय घरात आणखी साक्षीदार होते. सांख्यांनी जगाचा पसारा प्रकृतीतून काढला आणि ईश्वरावाचून भागवले. कुमारिलासारखे मीमांसक वेदाचे कट्टर अभिमानी. पण जगाला निर्माता आहे हे त्यांनी मानले नाही. आणि मीमांसा तर वाईच्या पाठशाळेची रोजची भाकरी. केवलानंद सरस्वतींनी 'मीमांसाकोश' रचला तो तेथेच. म्हणून 'अनीश्वरवाद' हा शब्द वाईला विलायतेहून आला असे जो म्हणतो, त्याने आपल्याच वाड्याच्या माळ्यावर काय ठेवले आहे हे कधी पाहिलेले नाही.

लक्ष्मणशास्त्र्यांचे वळण एका रात्रीत झालेले नाही. ते टप्प्याटप्प्याने झाले. १९३२-३३ च्या सुमारास महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगातून अस्पृश्यतेविरुद्ध लढत होते. त्या वेळी त्यांना शास्त्रांचा आधार शोधून देणाऱ्यांत लक्ष्मणशास्त्री होते. १६ जून १९३३ रोजी पुण्यात देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण; जुन्या भाषेत प्रतिलोम. त्या विवाहाचे पौरोहित्य लक्ष्मणशास्त्र्यांनी केले. केवढे धाडस! पण त्या वेळचा त्यांचा प्रश्न काय होता पाहा. 'हे शास्त्राला संमत आहे का?' असा तो होता. म्हणजे निकाल देण्याचा अधिकार अजून पोथीकडेच होता. पोथी उदारपणे वाचायची, एवढाच मुद्दा होता.

पुढे नागपूर विद्यापीठातल्या व्याख्यानांतून 'हिंदुधर्माची समीक्षा' हा ग्रंथ झाला. तेथे प्रश्नच उलटला. शास्त्र काय सांगते हे विचारण्याऐवजी, शास्त्र कशातून जन्माला आले, हे त्यांनी विचारले. कोणत्या समाजाने, कोणत्या गरजेपोटी, कोणत्या भीतीपोटी आणि कोणत्या हितसंबंधांपोटी ते रचले? न्यायाधीशाच्या खुर्चीतून पोथीला त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणून उभे केले. एकदा हे झाल्यावर पुढचे पाऊल टाळता येत नाही. ज्याने धर्म माणसाच्या इतिहासातून निघाला म्हटले, त्याला माणूस कशातून निघाला हे विचारावेच लागते. त्याचे उत्तर 'जडवाद'. अस्पृश्याच्या स्पर्शापासून सुरू झालेला प्रश्न सत्तेच्या, म्हणजे असणेपणाच्या, मुळापर्यंत जाऊन भिडला. हा रस्ता रॉय यांनी आखून दिला असे म्हणणे म्हणजे, रस्त्यात भेटलेल्या सोबत्याला रस्त्याचा मालक ठरवण्यासारखे आहे.

तिसरी पळवाट परतण्याची. 'पुढे ते मूळ पदावर आले.' पुरावा काय, तर त्यांनी १९५१ साली 'वैदिक संस्कृतीचा विकास' लिहिला आणि उपनिषदांचे मराठी भाषांतर केले. वेद वाचला म्हणजे वेदाला शरण गेला, हा न्याय मोठा मौजेचा आहे. मग ज्या वैद्याने देवीच्या रोगावर आयुष्यभर लिहिले तो देवीचा भक्त म्हणावा काय? त्या ग्रंथाच्या नावातला 'विकास' हा शब्दच वाचा. अपौरुषेय वस्तूचा विकास होत नसतो. ज्याला आरंभ आहे, वाढ आहे आणि मर्यादाही आहेत, त्याचाच विकास होतो. १९४८ साली रॉय यांनी आपला रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्ष विसर्जित केला, तरी नवमानवतावादाशी लक्ष्मणशास्त्र्यांचे नाते तुटले नाही. त्यांच्या विचारात पुढेही बदल झाले, होणारच. पण नदी वळण घेऊन पुढे गेली म्हणजे ती उगमाकडे परतली, असे फक्त नकाशा न पाहिलेला माणूस म्हणेल.

आता मूळ प्रश्नाकडे. जग जडातून निघाले की चैतन्यातून, याने आटपाडीच्या माणसाला काय फरक पडतो?

फार पडतो. अद्वैत वेदान्तात सत्तेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. दोरीवर दिसणारा साप ही प्रातिभासिक सत्ता. हे रोजचे जग, घरदार, शेतीवाडी ही व्यावहारिक सत्ता. आणि ब्रह्म ही पारमार्थिक सत्ता. दिवा आणला की साप जातो. ज्ञान झाले की जगही तसेच बाधित होते. पंडित मला लगेच अडवतील आणि म्हणतील, 'मास्तर, मिथ्या म्हणजे खोटे नव्हे. मिथ्या म्हणजे सतही नव्हे आणि असतही नव्हे, अनिर्वचनीय.' हे मला ठाऊक आहे. शंकराचार्यांची बुद्धी केवढी होती हेही ठाऊक आहे. पण कोणत्याही तत्त्वज्ञानाची परीक्षा त्याच्या व्याख्येवर संपत नाही. ते चालते कसे, कोणाच्या हाती जाऊन काय करते, हेही पाहावे लागते.

ते काय करते, याचा दाखला खुद्द ब्रह्मसूत्रभाष्यात आहे. सर्वत्र एकच ब्रह्म भरले आहे हे ज्या भाष्याने सिद्ध केले, त्याच भाष्यात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही हेही सिद्ध केलेले आहे. हा विसंगतीचा अपघात म्हणता आला असता तर बरे झाले असते. पण तो अपघात नाही. त्या पायऱ्यांची ती सोयच आहे. वरच्या पायरीवर सारे एक, खालच्या पायरीवर ज्याची त्याची जागा ठरलेली. वर गेल्यावर भेद नाही, म्हणून खाली भेद ठेवायला हरकत नाही! शंकरराव खरात आमच्या आटपाडीचे. १९२१ चा त्यांचा जन्म. त्यांचे आत्मचरित्र 'तराळ-अंतराळ' ज्याने वाचले आहे, त्याला गावच्या तराळकीचा भार काय असतो हे सांगावे लागणार नाही. ज्याच्या घराण्याने तो भार वाहिला, त्याला 'हा भेद व्यावहारिक आहे, पारमार्थिक नाही' असे सांगणे हे तत्त्वज्ञान आहे की थट्टा? त्याच्या पायातला काटा व्यवहारातच मोडलेला असतो, आणि तो काढायचा तर व्यवहारच अंतिम मानावा लागतो.

जडवादाची ताकद येथे आहे. तो जगाला दुसरी पायरी ठेवत नाही. ही जमीन, हे पोट, ही जात, हा पाऊस यांच्या मागे दुसरे काही अधिक खरे लपलेले नाही. म्हणून यांचा हिशेब येथेच करावा लागतो. एका म्हाताऱ्या धनगराने मला हेच आपल्या भाषेत सांगितले होते. कीर्तनात मायेचे निरूपण चालले होते. ते ऐकून येताना तो म्हणाला, "मास्तर, समदं खोटं म्हनत्यात. पर मेंढरू मेलं म्हंजी खरंच मरतंय की वो." त्याच्या बोलण्याला मी अजून उत्तर शोधतो आहे, कीर्तनकारांपाशीही ते नव्हते.

जडवादावर नेहमीचा आक्षेप असा की, मेलेल्या मातीतून विचार कसा निघेल? त्याला आपल्याकडच्या लोकायतिकांनी पुरातन काळीच उत्तर देऊन ठेवले आहे. पान लाल नसते, चुना लाल नसतो, कातही ओठांवरच्या रंगासारखा लाल नसतो. एकत्र चावले की तोंड रंगते. तो रंग वरून कोणी ओतलेला नसतो. जड म्हणजे मेलेले, हा अर्थ आपण त्या शब्दावर लादला आहे. पेरलेल्या बाजरीला मोड येतो तेव्हा ते दाणे, ती माती आणि ते पाणी यांपलीकडचे काय तेथे आलेले असते?

आणि ज्यांना लोकायतिकांचे नाव ऐकवत नाही, त्यांनी छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय उघडावा. हा दाखला माझा आहे. तो मी लक्ष्मणशास्त्र्यांच्या नावावर खपवत नाही. वेदान्त्यांचे सर्वांत गाजलेले महावाक्य याच अध्यायात आहे, म्हणून तो साऱ्यांना पाठ असतो. पण त्यातला एक भाग मात्र निरूपणात फारसा येत नाही. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस उपाशी राहायला सांगतो. पाणी मात्र हवे तेवढे पी म्हणतो. सोळाव्या दिवशी बाप म्हणतो, आता ऋचा म्हण. बारा वर्षे वेद शिकून आलेला पोरगा म्हणतो, काही आठवत नाही. मग बाप म्हणतो, जा, जेव. जेवून आल्यावर सारे आठवते. निष्कर्ष बाप स्वतःच काढतो: मन अन्नाचे बनलेले आहे.

हा प्रयोग मी उपनिषदात वाचण्यापूर्वी शाळेत पाहिलेला आहे. मास्तरकी करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. दुपारची खिचडी होण्यापूर्वी जो पोरगा तेराचा पाढा अर्ध्यात विसरतो, तोच खिचडीनंतर तो घडाघडा म्हणतो. आत्म्याला भूक लागत नाही हे खरे असेल, पण पाढा आत्म्याला येत नाही, पोराला येतो. उद्दालकाने सताचा विचार करता करता मुलाच्या पोटापर्यंत येऊन पाहिले, आणि नंतरच्यांनी पोट वगळून फक्त सत् ठेवले. या वगळलेल्या भागापाशी जो शास्त्री पुन्हा जाऊन उभा राहतो, तो परंपरा सोडणारा की परंपरेतले गहाण पडलेले सोडवून आणणारा?

माझ्यावर एक आक्षेप आमच्याच तालुक्यातून येऊ शकतो, आणि तो मी लपवत नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ साली तेथे कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. खून करून आलेली माणसे तेथे भिंतीवाचून, बायकामुलांसह राहू लागली, शेती करू लागली. पुढे १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून निघाला. हा प्रयोग ज्यांच्या डोक्यातून आला ते मॉरिस फ्रीडमन पोलंडचे इंजिनिअर, आणि पक्के अद्वैती. रमण महर्षींपाशी ते राहिलेले, आणि मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी वचने त्यांनीच १९७३ साली इंग्रजीत जगापुढे आणली. मग अद्वैताने माणूस निष्क्रिय होतो हे कुठे खरे ठरले?

फ्रीडमन यांना माझा नमस्कार. पण त्यांनी स्वतंत्रपुरात केले काय, ते पाहा. 'बाबांनो, बेडी हा भास आहे' असे त्यांनी कैद्यांना सांगितले नाही. बेडी काढली. जमीन दिली, काम दिले, कुटुंब जवळ आणू दिले, विश्वास दिला. माणूस परिस्थितीने घडतो आणि परिस्थिती पालटली की माणूस पालटतो, ही जडवाद्याची श्रद्धा त्यांनी आचरून दाखवली. मनात त्यांनी काय धरले होते याचा आदर करू. हाताने जे केले ते मात्र माझ्या बाजूचे आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 'सत्तेच्या विचारातले निर्णायक वळण' म्हटले की आमच्या विद्वानांना मार्टिन हायडेगर आठवतो. मला जर्मन येत नाही, इंग्रजीही मॅट्रिकपुरते. तरी त्याच्याविषयी जे मिळाले ते मी वाचले आहे. १९२७ साली त्याने सत् आणि काल यांवरचा आपला मोठा ग्रंथ काढला. तो अपुराच राहिला. पुढे त्याला वाटले की, सत्तेविषयी बोलायला तत्त्वमीमांसेची भाषाच अपुरी आहे. मग तो कवींकडे वळला. या वळणावर जगभर ग्रंथांच्या राशी पडल्या आहेत. पडोत. पण तारखा पाहा. १९३३ च्या मे महिन्यात हायडेगर नाझी पक्षाचा सभासद झाला. फ्रायबुर्ग विद्यापीठाचा तो त्या वेळी कुलगुरू होता. पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, आमचा हा वाईचा शास्त्री पुण्यात जातीची भिंत ओलांडणाऱ्या लग्नात मंत्र म्हणत होता. १९४७ साली हायडेगरचे मानवतावादावर टीका करणारे पत्र प्रसिद्ध झाले. त्याच साली रॉय यांचा नवमानवतावादाचा जाहीरनामा निघाला. लक्ष्मणशास्त्री त्या बाजूला होते.

यावरून हायडेगर लहान ठरतो असे मी म्हणत नाही. तेवढा माझा अधिकार नाही. मी एवढेच म्हणतो की, जर्मनीतल्या अरण्यवाटांची वळणे ज्यांना पाठ आहेत, त्यांना कृष्णाकाठचे वळण माहीत नसावे ही लाजेची गोष्ट आहे. दोघेही सत्तेचा शोध घेत निघाले. एक माणसाकडून निघून माणसाच्या पलीकडे गेला. दुसरा ब्रह्माकडून निघून माणसापाशी आला. कोणते वळण आपल्या उपयोगाचे, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ठरवायला दोन्ही पुढे असावी लागतात.

जडवादी म्हणजे चैनी, ऋण काढून तूप पिणारा, हा आक्षेप तर आता हसून सोडून द्यावा असा आहे. चार्वाकाचे ते चित्र त्याच्या शत्रूंनी रंगवलेले. त्याची स्वतःची पोथी आपण शिल्लकच ठेवली नाही. या जडवाद्याने काय केले? वाईसारख्या लहान गावात बसून कोश केले. १९७६ साली विश्वकोशाचा पहिला खंड निघाला, आणि वीज, विहीर, जंतू, ग्रहण यांविषयी मराठी माणसाला मराठीत विचारण्याची सोय झाली. परलोक नाही असे ज्याला खरोखर वाटते, तो या लोकातल्या पोरांसाठी विश्वकोश करतो. २७ मे १९९४ रोजी महाबळेश्वरला, कृष्णेच्या उगमाच्या गावी, ते गेले.

ज्या कृष्णेकाठी ते राहिले, तिचे पाणी आज आमच्याकडे आले आहे. वाईच्या घाटाखालून ते कऱ्हाडला जाते, आणि कऱ्हाडजवळच्या टेंभू येथून पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून माणदेशाकडे आणले जाते. टेंभू हे आगरकरांचे जन्मगाव. पिढ्यान्पिढ्या पावसाची वाट पाहणाऱ्या आटपाडीच्या शिवारात हे पाणी कोणाच्या कृपेने आले नाही. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ साली येथे पाणी परिषद सुरू झाली. माणसे वर्षानुवर्षे मोर्चे घेऊन चालली, समन्यायी वाटपाची मागणी त्यांनी रेटली, इंजिनिअरांनी चढाची गणिते मांडली, आणि तेव्हा पाणी डोंगर चढले. दुष्काळ प्रारब्ध आहे असे आमच्या बापजाद्यांना सांगितले होते. तो पाण्याच्या वाटपाचा प्रश्न आहे असे ज्यांनी म्हटले, त्यांनी ते पोथी न उघडता म्हटले असेल. पण सत्तेच्या प्रश्नावरचे त्यांचे उत्तर वाईच्या शास्त्र्याचेच होते.

असे असून गावात आज काय चालले आहे? कालव्याला पाणी सुटले की त्याची पूजा होते, नारळ फुटतो, भाषणे होतात, आणि पाणी आणल्याचे श्रेय देवाला आणि पुढाऱ्याला वाटून दिले जाते. डाळिंबावर रोग आला की पोरगा कृषी अधिकाऱ्याकडे जाण्यापूर्वी देवऋष्याकडे जातो. आणि ज्या ग्रंथात याचे मूळ शोधलेले आहे, तो ग्रंथ तालुक्याच्या वाचनालयांत मागितला तर कपाटातही सापडत नाही. लेखकाची तसबीर मात्र भिंतीवर सापडते.

माझी मागणी फार मोठी नाही. तर्कतीर्थांच्या नावाने बोलणाराने 'जडवाद' हा शब्द उच्चारावा. तो पटत नसेल तर खोडून काढावा. शास्त्रार्थाची तीच रीत आहे आणि त्यांनाही तीच आवडली असती. उत्तरपक्ष मांडायचा असेल त्याने पूर्वपक्ष पूर्ण वाचावा, आणि दुबळा करून मांडू नये. जो शिक्षक आहे त्याने दहावीच्या पोरांना निदान एवढे सांगावे की, आपल्याच जिल्ह्याशेजारी एक वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण होऊन गेला. त्याने जग खरे मानले, आणि त्यासाठी आपली सारी पोथी तपासून घेतली.

वाईचे पाणी आटपाडीला आणायला पंप लागले. वाईचा विचार आणायला तेवढाही खर्च नाही. पुस्तक कपाटात ठेवायचे आणि मागेल त्याला द्यायचे, एवढेच काम आहे.